हसू कुठे थांबलं ते सांगा

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, 'चावट दोस्तीपट आणि प्रेक्षकांची मतांतरं'. म्हणजे दोन-तीन मित्र, एक रात्र नाहीतर एक सहल, दारू, शिव्या, मोकळंढाकळं बोलणं, मध्येच कडाक्याचं भांडण आणि शेवटी गळाभेट. हा प्रकार या सभागृहातल्या प्रत्येकाने पाहिलेला आहे. काहींनी चारचौघांत, काहींनी दार लावून, एवढाच फरक. (हशा) बघा, पुढच्या रांगेपेक्षा मागची रांग जास्त हसली. याबद्दल पुढे बोलायचंच आहे.

एकाच सिनेमाबद्दल एक जण म्हणतो, 'हसून हसून पोट दुखलं', आणि दुसरा म्हणतो, 'वीस मिनिटांत बंद केला'. दोघंही खरं बोलत असतात. ते कसं, आणि अशा मतांमधून आपल्या कामाचं काय वेचायचं, हे आज सांगायचंय. पण त्याआधी आकड्यांचा हिशोब चुकता करू, कारण सगळा घोळ तिथून सुरू होतो.

समजा शंभर जणांनी एक सिनेमा पाहिला. पन्नास जणांनी दहापैकी नऊ गुण दिले, पन्नास जणांनी तीन. सरासरी सहा. दुसऱ्या सिनेमाला शंभरच्या शंभर लोकांनी सहाच दिले. सरासरी तीच. पहिल्या सिनेमाला सहा गुण देणारा एकही माणूस जगात नाही, तरी तो 'सहाचा सिनेमा' म्हणून ओळखला जातो! चावट विनोदीपट जवळजवळ नेहमीच या पहिल्या जातीचे असतात. सरासरी हे मोजमाप त्यांच्यासाठी निव्वळ निरुपयोगी आहे, आणि लोक नेमकं तेच बघून सिनेमा निवडतात किंवा टाळतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

समीक्षकांची मतं गोळा करणाऱ्या रॉटन टोमॅटोज या संकेतस्थळाची टक्केवारी तर सरासरीही नव्हे. किती टक्के समीक्षकांचं मत अनुकूल, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी 'ठीक आहे, बघायला हरकत नाही' म्हटलं तर शंभर टक्के. निम्मे वेडे झाले आणि निम्मे चिडले तर पन्नास, आणि साठच्या खाली गेला की सिनेमा सडका ठरतो. म्हणजे कुणालाच न दुखावणारा, कुणालाच न गदगदवणारा विनोद तिथे पहिला येतो. सिनेमास्कोर या पाहणी करणाऱ्या कंपनीची तऱ्हा वेगळी. अमेरिकेत प्रदर्शनाच्या पहिल्याच रात्री प्रेक्षकांकडून मतपत्रिका भरून घेतात आणि 'ए प्लस'पासून 'एफ'पर्यंत श्रेणी देतात. पण पहिल्या रात्री येतं कोण? जाहिरात बघून आधीच मनाने तयार झालेला माणूस. त्याचं मत खोटं नाही, फक्त ते आधीपासून तयार असलेल्या माणसाचं आहे. म्हणून आयएमडीबीवर, म्हणजे प्रेक्षक जिथे सिनेमांना गुण देतात त्या संकेतस्थळावर, गेलात तर वरचा मोठा आकडा सोडा आणि एक ते दहा गुणांचे खांब बघा. एकाच ठिकाणी उंचवटा असेल तर मतभेद किरकोळ. दोन उंचवटे दिसले तर समजा की इथे दोन वेगळे प्रेक्षक बसले होते. मात्र अगदी टोकाचा एक आणि अगदी टोकाचा दहा हे खांब रागाने आणि प्रेमाने फुगलेले असतात. त्यांना थोडं वजा करून मधले खांब वाचा.

हे नवं दुखणं नाही. नाट्यशास्त्रात सिद्धीच्या अध्यायात भरताने प्रेक्षकांची वर्गवारीच दिलीय. तरुण शृंगाराने खूश होतात, विरक्त मोक्षाच्या गोष्टींनी, शूर रौद्राने, वृद्ध धर्माख्यानांनी. आदर्श प्रेक्षकाचे सगळे गुण एकाच माणसात सापडत नाहीत, हेही तो स्पष्ट म्हणतो. आणि हास्याचे त्याने सहा प्रकार केलेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित, अतिहसित. यातल्या स्मितात दातही दिसत नाहीत. अपहसित म्हणजे भलत्या ठिकाणी आलेलं हसू, डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोकं गदागदा हलतंय. चावट दोस्तीपटाचं सगळं भांडवल हे पाचवं हसू आहे. आणि गंमत अशी की पहिली दोन हास्यं भरताने उत्तम पात्रांना दिली आणि शेवटची दोन अधमांना. ही वाटणी प्रेक्षकाच्या मनात अजून पक्की आहे. अंधारात तो अपहसित हसतो, आणि दिवे लागले की मत मात्र स्मिताला शोभेल असं देतो: 'जरा थिल्लर होता'. म्हणून मत विचारण्याआधी हसू मोजावं, असं माझं ठाम म्हणणं आहे.

मोजतातही. प्रदर्शनापूर्वीच्या चाचणी खेळात प्रेक्षकांकडून कार्ड भरून घेतात: 'उत्कृष्ट'पासून 'वाईट'पर्यंत पाच पायऱ्या, आणि 'मित्राला नक्की सांगाल का?' हा प्रश्न. वरच्या दोन पायऱ्यांची बेरीज निर्मात्याला हवी असते. पण विनोदीपटाचे जाणते दिग्दर्शक कार्डांच्या आधी ध्वनिमुद्रण ऐकतात. सभागृहात मायक्रोफोन लावून हशा मुद्रित करायचा, तो सिनेमाच्या पट्टीला जुळवायचा, आणि संकलनाच्या टेबलावर बघायचं की कुठे हशा आला, किती सेकंद टिकला, कुठला विनोद पडला. एकाच जागी दोन वेगळे विनोद घालून दोन वेगळ्या खेळांत तपासतात. त्यासाठी मालही भरपूर असतो. लिहिलेले संवाद चित्रित झाले की लेखक कॅमेऱ्याच्या बाजूने नवी वाक्यं फेकतात आणि नट प्रत्येक वेळी वेगळं बोलतो. समोरच्या नटाची प्रतिक्रिया हातची जाऊ नये म्हणून दोघांवर दोन कॅमेरे एकाच वेळी चालवतात. एकच कॅमेरा असेल तर उत्स्फूर्त वाक्य मिळतं, पण त्याला आलेलं खरं हसू मिळत नाही. बिघडतं कुठे? दहा वाक्यांतली सहा चांगली निघतात आणि ती सहाही ठेवायचा मोह होतो. दीड मिनिटाचा प्रसंग चार मिनिटांचा होतो, आणि प्रेक्षक म्हणतो, 'ताणलंय'. त्याची तक्रार बहुतेक वेळा शिव्यांबद्दल नसते, या ताणण्याबद्दल असते.

आता खरी मेख. हशा मोठा आला तर पुढचं वाक्य त्यात बुडतं. म्हणून संकलक तिथे नटाच्या चेहऱ्याचा एखादा शॉट वाढवतो, दोन-तीन सेकंद, म्हणजे अठ्ठेचाळीस ते बहात्तर फ्रेम. भरलेल्या थिएटरात ती जागा हशाने भरते. तोच सिनेमा घरी एकट्याने पाहिला की ती जागा रिकामी राहते आणि माणूस म्हणतो, 'संथ आहे'. शिवाय एकटा माणूस हसतोच कमी. रॉबर्ट प्रोव्हाइन या मानसशास्त्रज्ञाने हसण्यावर आयुष्य घालवलं. त्याला आढळलं की माणसं एकटी असताना हसतात त्याच्या सुमारे तीसपट अधिक चारचौघांत हसतात. तर 'मला हसूच आलं नाही' म्हणणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा: कुणासोबत पाहिलात? आई-वडिलांसोबत पाहिला असेल तर त्याचं मत सिनेमाबद्दल नाहीच, ते सोफ्याबद्दल आहे. (हशा)

दुसरा प्रश्न, कुठली आवृत्ती? हे कुणी विचारतच नाही! अमेरिकेत 1968 पासून श्रेणीपद्धत आहे. त्यातल्या 'आर' श्रेणीत सतरा वर्षांखालच्यांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नसतो. थिएटरात ती आवृत्ती, डीव्हीडीवर काही मिनिटांनी वाढवलेली, टीव्हीवर शिव्या बदललेली. तिघं भांडतात आणि तिघांनी तीन सिनेमे पाहिलेले असतात. सबटायटलवर तर मी तासभर बोलू शकेन. इंग्रजी सबटायटलची ओळ साधारण 42 अक्षरांपर्यंत, एका वेळी दोनच ओळी. नट वाक्याची सुरुवात करतो त्याच क्षणी अख्खं वाक्य पडद्यावर येतं. डोळा जिभेपेक्षा वेगवान. नट थांबतो, श्वास घेतो, शेवटचा शब्द टाकतो. वाचणाऱ्याने तो आधीच वाचलेला असतो. विनोद मेला. उपाय सोपा आहे: शेवटचा तुकडा तोडून वेगळ्या सबटायटलमध्ये, नटाच्या तोंडून निघेल तेव्हाच आणायचा. डबिंगमध्ये अडचण ओठांची. प-ब-म म्हणताना ओठ मिटतात, जवळच्या शॉटमध्ये ते लपत नाहीत, म्हणून शिवी अर्थाने न निवडता ओठांच्या हालचालीवरून निवडली जाते आणि मिळमिळीत होते.

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहा मिनिटं. मूळ मुद्दा राहिलाय, तो भराभर सांगतो.

तिसरा आणि सगळ्यात मोलाचा प्रश्न: हसू नेमकं कुठे थांबलं? 'आवडला का?' विचारू नका, प्रसंग विचारा. उत्तरं बहुतेक दोन ठिकाणी येऊन पडतात. एक म्हणजे विनोदाची किंमत कोण मोजतंय. मित्र एकमेकांची, स्वतःची फजिती करतात तोवर घाणेरडा विनोदही चालतो. तोच दोघं मिळून तिसऱ्यावर, शुद्धीत नसलेल्या मुलीवर, समलिंगी माणसावर, परक्या उच्चारावर तुटून पडले की अर्धं सभागृह गप्प होतं. जुने सिनेमे आज बघताना हसू थांबण्याच्या जागा वाढल्यात त्या याच. यात प्रेक्षक हळवा झाला असं मी मानत नाही; पूर्वीही ज्यांच्यावर विनोद होता ते हसत नव्हतेच, फक्त त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

दुसरी जागा म्हणजे मैत्री. सिनेमाच्या पाऊण वाटेवर मित्रांचं भांडण होतं. ते भांडण खरं वाटलं तर आधीचा सगळा चावटपणा त्यांच्या जवळिकीचा पुरावा ठरतो. खोटं वाटलं तर तो नुसता चावटपणा उरतो. भांडणाचं कारण पहिल्या वीस मिनिटांत पेरलेलं नसेल तर ते खोटंच वाटणार. एक जण लग्नाला निघालाय, एक मागे राहतोय, एकाला नोकरी लागलीय; काहीतरी हवंच.

आणि अनपेक्षितपणा. 'द हँगओव्हर' 2009 मध्ये आला. खर्च सुमारे साडेतीन कोटी डॉलर, जगभरची कमाई 46 कोटींच्या वर, समीक्षकही बहुतांशी खूश. 2011 मध्ये दुसरा भाग आला, शहर बदललं, सांगाडा तोच. कमाई आणखी वाढली, समीक्षक मात्र उलटले. चावटपणा तेवढाच होता. म्हणजे समीक्षकांचा विरोध चावटपणाला नव्हता, पुढे काय होणार हे आधी कळण्याला होता. आणि तिकीट काढणाऱ्या कित्येकांना नेमके तेच मित्र पुन्हा भेटायला हवे होते. त्यांचंही काही चुकलं नाही.

पुढच्या महिन्यात इथे जो खेळ आहे, त्यानंतर गुणांची कार्डं वाटू नका, एवढी आयोजकांना विनंती. कोरा कागद द्या आणि तीनच गोष्टी लिहायला सांगा: शेजारी कोण होतं, याआधी हा सिनेमा कुठल्या आवृत्तीत पाहिला होता का, आणि हसू कुठल्या प्रसंगाला थांबलं. नावं घेऊ नका. नाव घेतलंत की सगळे स्मित लिहितील.