माइक उलटा टांगला तर

नमस्कार मंडळी.

माइकसमोर उभी केलीच आहे, तर माइकपासूनच सुरुवात करते. मुंबईच्या शिल्पा गुप्ता यांची २०१७-१८मधली एक कलाकृती आहे. अंधारलेल्या दालनात शंभर माइक वरून उलटे टांगलेले. प्रत्येकाखाली एक टोकदार गज आणि त्या टोकात खुपसलेला कागद. कागदांवर शंभर कवींच्या ओळी, आणि हे सगळे कवी कधी ना कधी तुरुंगात डांबले गेलेले. गंमत म्हणजे हे माइक ऐकत नाहीत, बोलतात. आत स्पीकर बसवलेत. एकातून ओळ उमटते आणि बाकीचे ती उचलून धरतात.

‘ज्यांना आवाज नाही त्यांना आवाज देणं’ असं आपण सहज बोलून जातो. मला ते खटकतं. देणारे आपण कोण? आवाज त्यांना होताच, लिहिणाऱ्याच्या वहीत तो उतरला नाही, एवढंच.

कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो म्हणूनच बोलायच्या भानगडीत पडत नाहीत. बेपत्ता झालेल्या माणसांचे, बहुतेक बायकांचेच, जोडे त्यांनी घरच्यांकडून मागून घेतले. भिंतीत कोनाडे केले, त्यांत ते ठेवले आणि वरून जनावराच्या मूत्राशयाचा पापुद्रा ताणून शस्त्रक्रियेच्या दोऱ्याने टाके घातले. टाचेचा बूट आहे एवढं कळतं, रंग नीट कळत नाही. पापुद्रा फाडून बघावंसं वाटतं. बघता येत नाही.

(फाळणीनंतर कराचीहून आलेल्या चित्रकार नलिनी मलानींना दोन वाक्यांत उरकणं बरं नव्हे. त्यांच्यासाठी वेगळी संध्याकाळ ठेवू.)

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं उदाहरण. ब्रिटनमधलं कलेचं टर्नर पारितोषिक २०१७मध्ये मिळालेल्या लुबैना हिमिद यांनी २००४मध्ये शंभर माणूसभर उंचीच्या आकृती कापून रंगवल्या. युरोपातल्या धनिकांच्या घरचे आफ्रिकी गुलाम: ढोलवादक, चांभार, खेळणी करणारे, कुत्री सांभाळणारे. हिमिद त्यांच्या तोंडी चक्क शब्द घालतात. मग मला ते का चालतं? कारण ते शब्द जमाखर्चाच्या कागदावर आहेत. ज्या हिशेबात ही माणसं निव्वळ रकमा होती, तिथेच आता खरं नाव, मालकाने ठेवलेलं नाव, आधीचं काम, आताचं काम, आणि तरीही जवळ उरलेलं काहीतरी. पाच ओळी.

हा कागद चिकटवलाय आकृतीच्या पाठीवर. समोरून नुसते भरजरी रंग दिसतात. नाव हवं असेल तर गर्दीत शिरून तिच्या मागे जावं लागतं.