चुकायलाही ऐकू यावं लागतं

झोपलेल्याला जागं करता येतं, पण झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं करणार, असं आपल्याकडे म्हणतात ना, तर अमेरिकेत ओरेगनमधल्या पोर्टलंडला माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात लॉरेन पँक्रात्झ नावाचे सायकॉलॉजिस्ट होते, त्यांच्यासमोर हीच गोष्ट पेशंट बनून येऊन बसायची. पेशंट म्हणतोय मला काहीच ऐकू येत नाही, आणि कानात तर दोष सापडत नाहीये.

1975 साली त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर एक पद्धत छापली, इतकी साधी की हसू येईल. समजा दोनच पर्याय दिले, आवाज पहिल्यांदा झाला की दुसऱ्यांदा, नसेल ऐकू आलं तर अंदाजाने ठोक, पण उत्तर दे. असं 100 वेळा. खरंच ऐकू येत नसेल तर नाणं उडवल्यासारखाच हिशोब, 50च्या आसपास बरोबर, 45 येतील नाहीतर 56. पण सोंग करणाऱ्याला वाटतं बहिऱ्याचं चुकलंच पाहिजे, म्हणून तो नेटाने चुकत जातो आणि बरोबर येतात फक्त 30. नुसत्या नशिबाने एवढं चुकणं जवळपास अशक्य! कारण दरवेळी चुकायचं तर आधी बरोबर काय ते ऐकू यायला लागतं.

पुढे मेमरी गेली म्हणणाऱ्यांसाठीही हीच युक्ती वापरात आली, नाव पडलं सिम्प्टम व्हॅलिडिटी टेस्टिंग, म्हणजे लक्षण खरं आहे का ते तपासणं. आता आवाज आत पोचतोय एवढं कळतं, पण माणूस असं का करतोय ते ही टेस्ट सांगत नाही हां, पैशासाठी की मनातल्या कसल्या गुंत्यामुळे, ते वेगळं शोधावं लागतं.

काहींना तर पैसाही नको असतो, फक्त पेशंट व्हायचं असतं. 1951 मध्ये रिचर्ड अ‍ॅशर या ब्रिटिश डॉक्टरांनी याला म्युन्चहाउझेन सिंड्रोम म्हटलं, थापाड्या जर्मन सरदाराच्या नावावरून. पँक्रात्झनी यावर वर्षानुवर्षं लिहिलं.

आणि मला सगळ्यात आवडतं ते इथे. याच सिंड्रोमच्या नावाखाली मुलाला आईच आजारी पाडते असा शिक्का आयांवर बसायला लागला, तेव्हा खोटं पकडण्यात आयुष्य घालवलेला हाच माणूस 2006 मध्ये लिहितो की जरा थांबा. घाबरलेली आई दहा डॉक्टर फिरते, वाढवून सांगते, वाद घालते. एवढ्यावरून तिला हे लेबल लावू नका, मुलाला नेमकं काय केलं गेलं ते आधी दाखवा.