पहिल्या तीन पानांवरची बोली

लास व्हेगास, 1990चं दशक. पोकर रूममधलं सगळ्यात स्वस्त टेबल. खेळ सेव्हन-कार्ड स्टड, म्हणजे शेवटपर्यंत प्रत्येकाला सात पानं, त्यातली उत्तम पाच धरायची. बोली एक ते पाच डॉलर. आठ जण बसलेत. प्रत्येकापुढे दोन पानं झाकलेली, एक उघडं. ज्याचं उघडं पान सगळ्यांत लहान, त्यानं सक्तीनं एक डॉलर टाकायचा. तीनपत्तीत सगळे बूट भरतात, तसं इथे काही नाही.

आता गंमत बघा. बूट नाही म्हणजे मधे पैसाच नाही. जोरात बोली लावून, सगळ्यांना घाबरवून उचलायचं काय? एक डॉलर! आणि तोही मिळत नाही, कारण या टेबलावर पॅक करायला कुणी आलेलंच नाही. सुट्टीवर आलेला पाहुणा दुर्री, नव्वी आणि राणी हातात धरूनही पुढचं पान बघायला थांबतो. त्याच्यासमोर ब्लफ करणं म्हणजे गाढवापुढे वाचली गीता.

म्हणून इथला जाणकार खेळाडू बराच वेळ नुसता बसून दिसतो. पानं टाकून देतो, कॉफी पितो. वाट बघण्याचे पैसे जवळपास पडत नाहीत ना.

पण एक्क्यांची जोडी आली, की तो लगेच पाच डॉलरनं बोली वाढवतो. मोठी जोडी एक-दोघांसमोर भक्कम असते. पाच जण शेवटपर्यंत राहिले, तर त्यांच्यातल्या कुणाच्या तरी दोन जोड्या किंवा एकाच रंगाची पाच पानं बऱ्याचदा जुळतात. लोक उठले तर उत्तम. नाही उठले, तरी मागे असताना जास्त पैसे भरून राहिले. तिन्ही पानं एकाच किमतीची येणं तर 425 डावांत सरासरी एकदा. अशी पानं लपवून हळूहळू खेळावीत, असं बरेच जण सांगतात. या टेबलावर मला ते पटत नाही. लोक भरायला तयारच आहेत, तर मागायला लाजायचं कशाला?

तीन बदामांचं गणित वेगळं. इथे गर्दी हवी आणि पान स्वस्तात हवं. शेवटी पाच बदाम जुळण्याची शक्यता साधारण 18 टक्के. पण हा आकडा डोळे मिटून खेळणाऱ्याचा. समोरच्या सात उघड्या पानांत एकही बदाम नसेल, तर तीच शक्यता 23 टक्क्यांच्या वर जाते. तीन बदाम तिथेच पडलेले दिसले, तर 12 वर येते. हातात तीच तीन पानं, पण एकदा खेळायची आणि एकदा टाकायची. स्टडमध्ये पॅक केलेली पानं डीलर उचलून नेतो, त्यामुळे ती लक्षात ठेवावी लागतात. स्वस्त टेबलावर निम्मे लोक ती बघतही नाहीत.

मग येतं चौथं पान. बदाम आला, तर शक्यता 47 टक्क्यांवर. किलवर आलं, तर जेमतेम साडेदहा. ठरावीक बोलीच्या टेबलावर पाचव्या पानापासून बोली दुप्पट होते, म्हणजे तिथे स्वस्तात बाहेर पडायची ही शेवटची जागा. एक ते पाचच्या टेबलावर तसं दुप्पट होत नाही, पण बदाम आला नाही तर इथेच थांबलेलं बरं. जाणकार इथेच पानं सरकवतो. पाहुणा म्हणतो, आता एवढे भरलेच आहेत तर बघू, आणि आणखी चिप्स पुढे करतो.