ताप कितव्या दिवसाचा?

[दृश्य: ग्वाल्हेर. लश्करमधली गल्ली, खिडक्यांना टेकलेले कूलर.]

ग्वाल्हेरचा उन्हाळा कूलरशिवाय निघत नाही. पाऊस लागला की कूलर बंद होतो, टाकीतलं पाणी मात्र तसंच राहतं. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाची मादी त्या पाण्याच्या जरा वर, टाकीच्या आतल्या भिंतीला अंडी चिकटवते. पाणी ओतून दिलं तरी ही अंडी कोरडी राहून महिनोन् महिने टिकतात. म्हणून टाकी नुसती उपसून भागत नाही, घासावी लागते. आणि मग गणपती ते दिवाळी, घरटी कुणी ना कुणी तापानं आडवं.

[दृश्य: खासगी लॅब. काउंटरवर सुई टोचल्यावर दंड दाबून बसलेली बाई.]

“ताई, ताप कधीपासून?”
“झाले की तीन-चार दिवस.”
“तीन की चार?”

लॅबवाला उगाच खोदून विचारतोय असं वाटेल. पण तो हे का विचारतो, ते कळायला आधी डेंग्यूचा विषाणू आतून कसा आहे ते पाहावं लागेल.

[दृश्य: संगणकावर तयार केलेलं विषाणूचं चित्र, हळूहळू फिरणारं.]

विषाणू म्हटलं की कोरोनामुळे आपल्या डोळ्यांपुढे काटेरी चेंडू येतो. भिंतींवरच्या पोस्टरवर डेंग्यूलाही सर्रास काटे काढलेले असतात. ते बरोबर नाही. कच्च्या, अपुऱ्या कणावर उंचवटे असतात. पेशीतून बाहेर पडेपर्यंत ते आडवे होतात आणि तयार विषाणू गुळगुळीत दिसतो. त्याच्या पृष्ठभागावर ई नावाच्या प्रथिनाचे 180 रेणू जोडीजोडीनं, फरशी बसवावी तसे घट्ट बसलेले असतात. त्याखाली मेदाचा पातळ पापुद्रा. हा पापुद्रा विषाणूचा स्वतःचा नव्हे, ज्या पेशीत तो तयार झाला तिच्याकडूनच घेतलेला. अगदी आत आरएनएचा, म्हणजे विषाणूच्या जनुकीय मजकुराचा, एकच धागा, सुमारे 10,700 अक्षरांचा.

एवढाच सगळा ऐवज. याला खाणं नाही, श्वास नाही, स्वतःहून वाढणं नाही. आपल्या पेशीत शिरला की तिच्याच यंत्रणेकडून तो स्वतःच्या प्रती काढून घेतो. जिवाणूंची भिंत किंवा त्यांची प्रथिनं बनवण्याची यंत्रणा मोडणारी अँटिबायोटिक्स इथे निरुपयोगी ठरतात, कारण मोडायला याच्याकडे त्यातलं काहीच नाही.

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी. मलेरियाचे परजीवी.]

व्यास सुमारे 50 नॅनोमीटर. एका मिलिमीटरात ओळीनं 20,000 मावतील. मलेरियाचा परजीवी साध्या सूक्ष्मदर्शकात दिसतो, डेंग्यू कधीच दिसत नाही. त्यामुळे ‘स्लाइड निगेटिव्ह आली’ याचा डेंग्यूशी काही संबंध नाही. जिवाणूंसारखा तो बशीतल्या जेलीवरही वाढत नाही, त्याला जिवंत पेशीच लागतात. 1967 मध्ये पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरमध्ये के. आर. पी. सिंग यांनी डासाच्या अळ्यांपासून पेशी वाढवल्या. त्यांच्यापासून पुढे निघालेला वाण डेंग्यूचा विषाणू वाढवायला आजही जगभर वापरतात. पण यात दिवस जातात. तापानं फणफणलेल्या माणसाला तेवढी सवड कुठली?

म्हणून विषाणूच्या मागे न लागता त्याच्या खुणा शोधायच्या.

[दृश्य: फिरून थांबलेली नळी. तळाशी लाल, वर पिवळसर सीरम.]

तो आरएनएचा धागा एकूण दहा प्रथिनं बनवतो. तीन विषाणूच्या बांधणीत जातात. उरलेली सात पेशीतच कामाला असतात, त्यांतलं एक म्हणजे एनएस-1. हे पेशीतून बाहेर रक्तात पाझरतं. गंमत म्हणजे तयार विषाणूत ते नसतंच! तरीही पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत चाचणी त्यालाच पकडते.

पाचव्या दिवसाच्या सुमारास चित्र पालटतं. एनएस-1 कमी होत जातं आणि शरीरानं विषाणूविरुद्ध बनवलेली आयजीएम प्रतिपिंडं दिसू लागतात. ती शोधणाऱ्या एलायझा चाचणीच्या प्लेटमध्ये 96 खाचा असतात. प्रतिपिंडं असतील त्या खाचेत रसायन निळं होतं आणि शेवटी आम्लाचा थेंब पडताच पिवळं. याचे संच पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था सरकारी केंद्रांना पुरवते. कार्डावरची झटपट चाचणी सोयीची खरी, पण तिच्या भरवशावर सरकारी नोंदीत डेंग्यू ‘निश्चित’ धरत नाहीत, त्याला एलायझाच हवी.

आता लॅबवाल्याच्या प्रश्नाकडे पाहा. दुसऱ्या दिवशी आयजीएम केली तर निगेटिव्ह, आठव्या दिवशी एनएस-1 केली तर तीही बहुधा निगेटिव्ह. माणूस तोच, आजार तोच. शिवाय आयजीएम दोन-तीन महिने रक्तात रेंगाळते, म्हणजे पॉझिटिव्ह आली तरी आजचा ताप त्याचाच असेल असं नाही.

प्लेटलेट्सचं तर विचारूच नका. आकडा घसरला की पपईचा पाला आणि बकरीचं दूध शोधायला माणसं निघतात. प्लेटलेट्स इतर तापांतही उतरतात, त्यावरून निदान होत नाही. खरा धोका ताप उतरू लागल्यावर, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसांत असतो. पोटात जोराचं दुखणं, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त, यांतलं काही दिसलं तर आकडा कितीही चांगला असो, थेट रुग्णालय गाठायचं. तोवर पाणी भरपूर, पॅरासिटामॉल चालेल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन नको.

[दृश्य: पीसीआर यंत्राचा पडदा, वर चढणाऱ्या रेघा.]

एक गोष्ट साध्या रिपोर्टात येत नाही. डेंग्यूचे प्रकार चार. ते ओळखायला आरटी-पीसीआर लागते: आरएनएचा आधी डीएनए करायचा, मग प्रत्येक फेरीत दुप्पट. 30 फेऱ्यांत एकाचे शंभर कोटींवर. एक प्रकार होऊन गेला की त्याच्यापुरतं संरक्षण मिळतं. पुढे दुसरा प्रकार गाठला तर जुनी प्रतिपिंडं त्याला अडवण्याऐवजी पेशीत शिरायला मदत करू शकतात. दुसऱ्या खेपेचा डेंग्यू जास्त बिघडू शकतो तो यामुळेच, आणि अशा वेळी आयजीएम इतकी कमी असू शकते की चाचणी निगेटिव्ह येते.

[दृश्य: लॅबचा काउंटर. लॅबवाला अर्जावर तारीख लिहितो, मग मान वर करतो.]

“आणि ताई, याआधी कधी डेंग्यू झाला होता?”