दुसरा गाल

दक्षिण गोव्याच्या साष्टी भागातील रायतूरची ही किल्ल्यासारखी भक्कम सेमिनरी, म्हणजे धर्मगुरू घडवणारी शाळा, आणि तिच्याजवळून वाहणारी जुवारी नदी. येथेच १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण छापले गेले. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइट, म्हणजे येशूसंघ या कॅथलिक संघातल्या, धर्मगुरूने बायबलची कथा आणि ख्रिस्ताचे चरित्र सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत सांगितले, कारण त्यांचे श्रोते पुराण ऐकत वाढलेले होते.

त्या ख्रिस्ताची सर्वांत अवघड आज्ञा बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात, डोंगरावरील प्रवचनात, आहे: आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा. उजव्या गालावर कोणी मारले तर दुसराही पुढे कर, हे त्याच्या आधीचे वाक्य आपण मुकाट सोसण्याचा उपदेश म्हणून ऐकत आलो. बायबलच्या काही अभ्यासकांनी मात्र त्याचा निराळा अर्थ लावला आहे. समोरच्याने उजव्या हाताने उजव्या गालावर मारायचे, तर हात उलटा फिरवावा लागतो, आणि उलट्या हाताची थप्पड मालक गुलामाला मारतो. डावा गाल पुढे आला की ती थप्पड बसत नाही. मारायचेच असेल तर बरोबरीच्या माणसाला मारावे तसे मारावे लागते. पुढचे उदाहरण वेठबिगारीचे आहे: कोणी वेठीला धरून एक कोस नेले तर त्याच्याबरोबर दोन कोस जा. रोमन शिपाई वाटेतल्या कोणालाही धरून ओझे वाहायला लावू शके; ख्रिस्ताचा क्रूस वाहायला कुरेनेच्या शिमोनाला असेच धरले होते. सक्तीचा एक कोस संपल्यावर वेठीचा माणूस आपणहून दुसरा कोस चालू लागला, की ओझे तेच राहते, पण हुकूम कोणाचा, हे शिपायाला कळेनासे होते. मारायचेही नाही आणि वाकायचेही नाही, असा हा मार्ग आहे, आणि भ्याडांना तो झेपणारा नाही.

परंतु ही आज्ञा मार खाणाऱ्यांना दिलेली होती आणि गोव्यात ती सांगणारे मारणाऱ्यांच्या गलबतांतून आले, ही गोष्ट साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावच्या या स्मारकापुढे उभे राहिल्यावर टाळता येत नाही. पोर्तुगीजांनी देवळे पाडल्यामुळे चिडलेल्या येथील गावकऱ्यांनी जुलै १५८३ मध्ये पाच जेझुइटांना व त्यांच्या सोबत्यांना ठार केले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे त्यांची कत्तल झाली. वैऱ्यावर प्रीती करण्याची संधी त्या दिवशी किल्लेदारांकडे होती. आपल्याच धर्मगुरूंचे शब्द त्यांना आठवले नाहीत. चर्चने १८९३ साली त्या पाच जेझुइटांना धन्य, म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवरचे, घोषित केले. इतरांच्या संस्कृती व धर्मांविरुद्ध ख्रिस्ती लोकांकडून घडलेल्या पापांची जाहीर कबुली पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००० साली रोममध्ये दिली, एवढे नोंदवून पुढे जाऊ.

गोव्यात ही शिकवण पुन्हा आली ती दुसऱ्याच वाटेने. लंडनमध्ये शिकत असताना वाचलेले डोंगरावरील प्रवचन थेट हृदयाला भिडले, असे गांधीजींनी आत्मकथेत लिहिले आहे. त्यांच्या सत्याग्रहाचे शस्त्र घेऊन डॉ. राममनोहर लोहियांनी १८ जून १९४६ रोजी मडगावच्या या मैदानावर सभाबंदी मोडली. ते उतरले होते मित्र डॉ. जुलियांव मिनेझिस यांच्या घरी, असोळण्याला, म्हणजे कुंकळ्ळीच्या प्रमुखांना जेथे मारले त्याच गावात. त्याच वर्षी गोव्याच्या स्वातंत्र्यलढ्याचे नेते, चांदरचे टी. बी. कुन्हा यांना अटक झाली. लष्करी न्यायालयाने त्यांना आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशच्या तुरुंगात धाडले.

गोवा आणि महाराष्ट्र यांच्यामधल्या पत्रादेवीच्या या सीमेवर १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही चालत आले आणि पोर्तुगीज सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हते आणि मत्तयाचे शुभवर्तमान कितींनी वाचले असेल, कोण जाणे. पण समोर बंदूक दिसत असताना हात न उगारता पुढे पाऊल टाकणे, हा दुसरा कोसच होता. गोवा मुक्त झाला तो डिसेंबर १९६१ मध्ये, भारतीय सैन्याच्या कारवाईने.