मोनोनोके: तलवार म्यानातून कधी निघते

जपानच्या उत्तरेला इवाते नावाचा प्रांत आहे आणि तिथे डोंगरांनी वेढलेलं तोनो. थंडी भरपूर, बर्फ भरपूर, आणि भुताखेतांच्या गोष्टी तर विचारूच नका. तिथली एक गोष्ट आधी ऐका.

एक माणूस बाजारातून आपल्या गावी परत येत होता. पुलापाशी त्याला दोन पोरी दिसल्या, कधी न बघितलेल्या. त्याने विचारलं, कुठून आलात गं पोरींनो? त्या म्हणाल्या, यामागुची मागोझाएमोनच्या घरून. आणि आता कुठे निघालात? तर त्यांनी दुसऱ्या एका गावातल्या दुसऱ्या घराचं नाव सांगितलं. बस, एवढंच बोलणं. पण हा माणूस मनात म्हणाला, संपलं आता मागोझाएमोनचं घर. आणि खरंच थोड्याच दिवसांत त्या घरात विषारी अळंबी खाण्यात आली, घरातली माणसं, गडीमाणसं मिळून वीसेक जण एका दिवसात गेले. वाचली फक्त सात वर्षांची एक मुलगी. का, तर ती बाहेर खेळत होती आणि खेळण्याच्या नादात जेवायला यायचंच विसरली.

त्या पुलावरच्या दोन पोरी म्हणजे झाशिकी-वाराशी. झाशिकी म्हणजे घरातली पाहुण्यांची बैठकीची खोली, वाराशी म्हणजे लहान मूल. असं मूल घरात राहतं तोवर घराची भरभराट, ते निघून गेलं की घर बसलं. यानागिता कुनिओ या अभ्यासकाने 1910 मध्ये तोनोच्या गोष्टींचं पुस्तक काढलं त्यात ही गोष्ट आहे, आणि आजही जपानमध्ये झाशिकी-वाराशी म्हटलं की लोक हसून बोलतात, गोड भूत, लकी भूत.

आणि मग 2007 साली एक ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन सिरीज आली, जिने याच गोड भुताला पहिल्या दोन एपिसोडमध्ये घेतलं आणि सरळ विचारलं, की ही मुलं मुळात आली कुठून?

त्या सिरीजचं नाव मोनोनोके. आता नाव ऐकून काही जणांना जंगल, लांडगे आणि ती राजकन्या आठवेल, तो 1997 चा प्रिन्सेस मोनोनोके सिनेमा वेगळा, त्याचा हिच्याशी काही संबंध नाही, फक्त शब्द एकच आहे. ही तोएई ॲनिमेशनची सिरीज, दिग्दर्शक नाकामुरा केन्जी, एकूण 12 एपिसोड, जुलै ते सप्टेंबर 2007, फुजी टीव्हीवर रात्री उशिरा. त्या स्लॉटचं नाव नोइतामिना, ॲनिमेशन हा शब्द इंग्रजीत उलटा लिहा, तेच नाव. एरवी ॲनिमे न बघणाऱ्या मोठ्या माणसांसाठी, त्यातही बायकांसाठी म्हणून तो स्लॉट सुरू केलेला. त्याच स्लॉटवर 2006 मध्ये आयाकाशी नावाची 11 एपिसोडची सिरीज झाली होती, तीन भयकथांची. त्यातली तिसरी कथा, बाकेनेको म्हणजे झपाटलेली मांजर, लोकांनी अशी डोक्यावर घेतली की त्यातल्या मुख्य पात्राला स्वतःची सिरीजच मिळाली.

ते पात्र म्हणजे एक औषधवाला. त्याला नाव नाही. सगळे नुसतं कुसुरिउरी म्हणतात, औषध विकणारा. टोकदार कान, चेहऱ्यावर लाल रेघा, पायात उंच लाकडी गेता, पाठीवर मोठी लाकडी पेटी, आणि आवाज इतका संथ की समोरचा चिडतो. घरात कोणी बोलावलेलं नसतं, पण तो आलेला असतो.

भुतं मारायला कोणी योद्धा नाही, कोणी भिक्षू नाही, औषधवालाच का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडलेला. उत्तर शब्दातच आहे. जुन्या जपानीत मोनोनोके म्हणजे नुसतं भूत नाही, तर माणसाला आजारी पाडणारी शक्ती. हजार वर्षांपूर्वीच्या गेंजीच्या कथेत, म्हणजे गेंजी नावाच्या राजपुत्रावरच्या जपानी कादंबरीत, रोकुजो नावाची एक मानी बाई आहे, अपमान गिळून बसलेली, आणि तिचा आत्मा ती जिवंत असतानाच बाहेर पडून गेंजीच्या बाळंत होणाऱ्या बायकोला जाऊन लागतो. मराठीत याला अगदी फिट बसणारा शब्द आहे आपल्याकडे, बाधा. बाहेरची बाधा झालीये असं आजी म्हणायची ना, तेच. आणि बाधा म्हणजे आजार, मग आजाराला औषधवालाच येणार.

यात अजून एक खरी गोष्ट दडलेली आहे. जपानमध्ये तोयामा नावाचा भाग फिरत्या औषधवाल्यांसाठी प्रसिद्ध होता, सतराव्या शतकाच्या शेवटापासूनची परंपरा. हे लोक पाठीवर पेटी घेऊन गावोगाव चालत जायचे, घरात औषधांचा डबा ठेवून द्यायचे, पैसे घ्यायचेच नाहीत. पुढच्या वर्षी परत यायचे, डबा उघडून बघायचे काय वापरलं गेलंय, तेवढ्याचेच पैसे घ्यायचे आणि डबा पुन्हा भरून द्यायचे. म्हणजे विचार करा, कोणत्या घरात कोण आजारी पडलं, कोणतं औषध संपलं, हे सगळं त्या माणसाला डबा उघडला की कळायचं. परका असून घरातलं दुखणं माहीत असलेला माणूस. कुसुरिउरी हा त्यांचाच भाऊबंद आहे.

आता त्याच्या पेटीत काय आहे ते बघा. कागदाच्या पट्ट्या, ज्या भिंतीवर आपोआप चिकटतात आणि बाधा जवळ आली की त्यांच्यावर लाल डोळे उमटतात. इवलेसे तराजू, ते हवेत उडत येऊन ओळीत उभे राहतात, जिकडे ती शक्ती असेल तिकडे झुकतात आणि त्यांच्या घुंगरांचा आवाज होतो, किण्ण. आणि एक आखूड तलवार, तिच्या मुठीला राक्षसाचं तोंड. पण ही तलवार म्यानातून निघत नाही, स्वतः कुसुरिउरीने ओढली तरी निघत नाही. आधी तीन गोष्टी कळायला लागतात. काताची, म्हणजे त्या बाधेचं रूप काय. माकोतो, म्हणजे नक्की घडलं काय. आणि कोतोवारी, म्हणजे त्यामागचं मन, हा आत्मा असा का झाला. एकेक गोष्ट उघड झाली की मुठीवरच्या त्या तोंडाचे दात कडकन वाजतात. तिन्ही झाल्या की मगच तलवार सुटते.

मला वाटतं या सिरीजचा सगळा जीव या एका नियमात आहे. कारण माकोतो आणि कोतोवारी हे भूत सांगत नाही, ते त्या खोलीत बसलेल्या माणसांना माहीत असतं, आणि ती माणसं खोटं बोलत असतात. भूत दाराबाहेर आहे, कागद एकेक करून जळतायत, आणि तरी माणूस म्हणतो की मला काही माहीत नाही हो. खरी भीती तिथे वाटते.

आता झाशिकी-वाराशीकडे येऊ, आणि इथून पुढे गोष्ट उघड होणार आहे, ज्यांना आधी बघायचीय त्यांनी व्हिडिओ इथे थांबवा.

पावसाची रात्र. शिनो नावाची एक गरोदर तरुण मुलगी, पार भिजलेली, एका खानावळवजा धर्मशाळेत येते आणि हातापाया पडते की एक रात्र राहू द्या. ज्या घरात ती नोकरीला होती तिथल्या धाकट्या मालकापासून तिला दिवस गेलेत, आणि ते मूल नको म्हणून तिच्या मागावर मारेकरी लावलाय. मालकीणबाई आधी नाही म्हणते, मग नाइलाजाने सगळ्यात वरची, कधीही कोणाला न दिली जाणारी खोली उघडून देते. रात्री मारेकरी येतो. आणि मारेकरीच मरतो. खोलीत लहान लहान मुलं दिसायला लागतात, रंगीबेरंगी, हसरी, आणि ती शिनोच्या पोटाकडे बघत असतात.

रूप कळलं. पण घडलं काय? तर ही धर्मशाळा पूर्वी वेश्यागृह होतं. तिथल्या मुलींना दिवस गेले की धंदा थांबायचा, म्हणून याच वरच्या खोलीत ती मुलं पाडली जायची, एक नाही, दोन नाही, वर्षानुवर्षं. मालकीणबाई हे सांगते तेव्हा रडत नाही, ओरडत नाही, हिशोब सांगावा तसं सांगते. आणि कोतोवारी काय, तर त्या मुलांना सूड नकोच आहे. त्यांना जन्म हवाय. ही बाई आपलं मूल वाचवायला एवढ्या पावसात धावत आली, तर हिच्या पोटी आपल्याला येता येईल का, एवढंच त्यांचं म्हणणं आहे.

हे कोणा लेखकाने हवेतून काढलेलं नाही. एदो काळात, म्हणजे साधारण 1603 ते 1868, दुष्काळ आणि कर यांच्या कात्रीत सापडलेल्या जपानी खेड्यांमध्ये नवजात मूल मारायची पद्धत होती आणि तिला शब्द होता माबिकी. माबिकी हा शेतीतला शब्द, दाट उगवलेली रोपं उपटून विरळणी करतात ती. विरळणी! मुलांसाठी. आणि ईशान्य जपानमध्ये या मुलांना स्मशानात न नेता घराच्याच जमिनीखाली पुरायचे, आणि अशी समजूत होती की तीच मुलं पुढे झाशिकी-वाराशी होऊन घरात वावरतात. म्हणजे घराची भरभराट करणारं ते गोड मूल आणि घराने नाकारलेलं मूल एकच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी सिरीज थांबवून बराच वेळ नुसता बसून होतो.

शेवटी शिनो त्यांना जन्म द्यायला तयार होते, मनापासून तयार होते, पण तसं झालं तर तिचं स्वतःचं बाळ जाणार. तलवार चालते. आणि ती चालते तेव्हा सुटल्यासारखं वाटत नाही, पोटात तुटतं.

चित्रांबद्दल बोलायलाच पाहिजे. अख्ख्या सिरीजच्या प्रत्येक फ्रेमवर वाशी म्हणजे हाताने बनवलेल्या जपानी कागदाचा पोत चढवलेला आहे, त्यामुळे आपण जुनी लाकडी ठशांची चित्रं हलताना बघतोय असं वाटतं. रंग इतके भडक की दुसरा कोणी भयपटात वापरणार नाही, केशरी, जांभळा, पोपटी, सगळं एकाच भिंतीवर. सीन बदलताना सरकते दरवाजे फटाफट बंद होतात आणि उघडतात, रंगमंचावर असावं तसं, आणि तीन भागांच्या कथेत शेवटच्या भागाला नाव असतं ओझुमे, काबुकी नाटकाच्या शेवटच्या अंकाला म्हणतात ते. पात्रं डिझाइन केली हाशिमोतो ताकाशीने. अंधार करून घाबरवायची सोय या लोकांनी स्वतःच काढून टाकली, सगळं लख्ख उजेडात दाखवलं, आणि तरी अंगावर काटा येतो.

एक कथा मात्र याच्या उलट. नुए. मूळ नुए हेइके घराण्याच्या युद्धकथेतला, माकडाचं डोकं, तानुकी म्हणजे रानकुत्र्यासारख्या जपानी प्राण्याचं धड, वाघाचे पाय आणि शेपटीच्या जागी साप, सम्राटाला रोज रात्री आजारी पाडणारा, ज्याला योरिमासा नावाच्या योद्ध्याने बाण मारून पाडला. सिरीजमध्ये ही कथा सुगंधावर आहे. जपानमध्ये कोदो म्हणून सुगंधी लाकडाची कला आहे आणि तिथे सुगंध घेतला असं म्हणत नाहीत, सुगंध ऐकला म्हणतात. एक राजकन्या, तिच्याशी लग्न करायला आलेले पुरुष, कोणता सुगंध कोणता ते ओळखायची स्पर्धा. बर्फ पडतोय आणि चित्रं जवळपास रंग नसलेली, राखाडी. पण धूर नाकाशी आला की एकदम रंग उमलतात, आणि विझला की परत राखाडी. टीव्हीवर वास दाखवायचा कसा, तर असा!

आणि सगळे भांडतायत ते खरं तर राजकन्येसाठी नाहीच, एका लाकडाच्या तुकड्यासाठी. खऱ्या जपानमध्येही असं एक लाकूड आहे, रान्जाताई, नारामधल्या तोदाइजी मंदिराच्या शोसोइन भांडारात ठेवलेलं, दीड मीटरहून थोडं लांब, वजन 11.6 किलो. ओदा नोबुनागा या सेनानीने 1574 मध्ये त्याचा तुकडा कापून घेतला, सम्राट मेइजीसाठी 1877 मध्ये कापला, कुठे कुठे कापलं त्याच्या चिठ्ठ्या आजही त्या लाकडावर लावलेल्या आहेत. सिरीजमधल्या त्या पुरुषांचं काय होतं ते मी सांगत नाही. नुए बघणाऱ्यागणिक वेगळा दिसतो, एवढं लक्षात ठेवा.

उमिबोझू, म्हणजे समुद्रातून वर येणारं काळं टक्कल, ही तीन भागांची कथा मला सगळ्यात जड गेली. भरकटलेलं जहाज, आणि समुद्रातून येणारा, बिवा हे जपानी तंतुवाद्य वाजवणारा एक प्राणी जो प्रत्येकाला एकच विचारतो, तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते? म्हातारा भिक्षू गेंकेइ सांगतो की पन्नास वर्षांपूर्वी समुद्र शांत व्हावा म्हणून माझ्या बहिणीला पोकळ लाकडात बंद करून पाण्यात सोडलं होतं, ती माझ्या जागी गेली, तीच आता उठलीय. ऐकून गळा भरून येतो. पण तराजू झुकत नाहीत. कारण गोष्ट अर्धी आहे. बाधा बहिणीची नाहीच, ती गेंकेइचीच आहे, त्याच्याच मनाचा तुटून वेगळा झालेला तुकडा, आणि ते कबूल करायला त्याला पन्नास वर्षं लागली.

शेवटची कथा पुन्हा मांजर, पण काळ एकदम पुढे गेलेला, विसावं शतक, नवीकोरी भुयारी रेल्वे. टोकियोची पहिली भुयारी रेल्वे आसाकुसा ते उएनो अशी 1927 च्या डिसेंबरमध्ये सुरू झाली, तसाच तो काळ आणि तशाच टोप्या आणि कोट. उद्घाटनाच्या दिवशी एका डब्यात काही माणसं अडकतात, आणि एकेकाचं तोंड उघडतं तसं कळत जातं की एका तरुण बातमीदार मुलीच्या मृत्यूत प्रत्येकाचा थोडा थोडा हात आहे. कोणी बघितलं, कोणी बघून सांगितलं नाही, कोणी सांगितलेलं बदललं. वीज आली, रेल्वे आली, वर्तमानपत्र आलं, आणि औषधवाला पेटी घेऊन त्याच डब्यात उभा.

2024 च्या जुलैमध्ये याच मोनोनोकेचा सिनेमा आला, काराकासा, आणि मार्च 2025 मध्ये दुसरा, हिनेझुमी. दोन्ही एदोच्या किल्ल्यातल्या ओओकूमध्ये घडतात, म्हणजे शोगुनच्या, त्या काळच्या लष्करी राज्यकर्त्याच्या, बायका आणि हजारो दासी राहायच्या तो भाग. कुसुरिउरीचा आवाज सिरीजमध्ये साकुराई ताकाहिरोचा होता, सिनेमात कामिया हिरोशीचा. सिनेमे सुंदर आहेत, पण सुरुवात मात्र त्या पावसाच्या रात्रीपासूनच करा.

इवातेमध्ये किन्दाइची नावाच्या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी र्योकुफुसो नावाचं जुनं लाकडी मुक्कामघर आहे. तिथल्या एका खोलीत झाशिकी-वाराशी दिसते अशी ख्याती, दिसली तर नशीब उघडतं, म्हणून लोक त्या खोलीचं बुकिंग फार आधीपासून करून ठेवायचे. 2009 मध्ये ते घर आगीत जळालं, 2016 मध्ये पुन्हा बांधून सुरू झालं. तिथे येणारी माणसं त्या मुलासाठी भेट आणतात. बाहुल्या, चेंडू, कापडी ससे, खेळण्यातल्या गाड्या. भिंतीपाशी ढीग लागलेला असतो, आणि माणसं त्यांच्याच मधे गादी घालून, दिवा मालवून, कोणाची तरी वाट बघत पडून राहतात.