चढणीचा ट्रॅक

(दृश्य : पहाट. धुक्यातून वर आलेले गॅलरीचे खांब.)

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातली ही विल्क्स काउंटी. मागे निळसर दिसतेय ती ब्लू रिज डोंगररांग. समोर, हायवेला लागून, नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे. शार्लटहून दीड तासाचा रस्ता. ट्रॅकची एक फेरी मैलाच्या पाच अष्टमांश अंतराची, आपल्या हिशोबाने जेमतेम किलोमीटरभर.

(दृश्य : डांबरावर आडवी ठेवलेली पाण्याची बाटली.)

ही बाटली बघा. आमच्या कॅमेरामनने ती सुरुवातीच्या रेषेजवळ आडवी ठेवली आणि हात काढून घेतला. कुणी ढकलली नाही. आधी जराशी रेंगाळली, मग घरंगळायला लागली आणि पहिल्या वळणाच्या दिशेने निघून गेली.

ट्रॅकचा समोरचा सरळ भाग, म्हणजे समोरची सरळ, उताराची आहे, म्हणून पलीकडची, मागची सरळ चढाची. इथे धावणाऱ्या प्रत्येक गाडीला प्रत्येक फेरीत एकदा टेकडी उतरावी लागते आणि एकदा चढावी लागते. मी बरेच ओव्हल, म्हणजे लंबगोल ट्रॅक पाहिले. असा दुसरा पाहिला नाही.

(दृश्य : जुना कृष्णधवल फोटो. लाल मातीत उभ्या गाड्या.)

याचं कारण जमिनीत आहे आणि खिशातही आहे. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं. इनॉक स्टेली नावाच्या इथल्या माणसाने काही साथीदार जमवले आणि शेतजमिनीवर शर्यतीचा ट्रॅक करायचं ठरवलं. जमीन उताराची. ती कापून, भर घालून सपाट करायला पैसे लागतात. ते मध्येच संपले, असं इथे सगळे सांगतात. मग जमीन होती तशी ठेवली. टेकडीच्या अंगावर जसा बसेल तसा ट्रॅक बसवला.

18 मे 1947. पहिली शर्यत. तीनेक हजार माणूस येईल अशी अपेक्षा होती, आले दहा हजारांहून जास्त. ट्रॅक तेव्हा मातीचा होता. जिंकला फाँटी फ्लॉक.

ही दहा हजार माणसं या डोंगराळ भागात काय बघायला आली होती, हे समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागतं.

(दृश्य : ओढ्याकाठची झाडी. काचेची बरणी हातात धरलेली.)

या भागात शेती छोटी, तीही उताराची. मका पिकायचा. मका डोंगराखाली बाजारात न्यायचा तर वजन जास्त, पैसा कमी. त्याच मक्याची दारू केली तर वजन कमी, पैसा जास्त. म्हणून ओढ्याच्या पाण्यावर हातभट्ट्या लागायच्या. रात्रीचं काम, चंद्राच्या उजेडातलं, म्हणून त्या दारूला इकडे मूनशाइन म्हणतात.

भट्टी लावणारा वेगळा, माल पोचवणारा वेगळा. पोचवणारी पोरं असायची अठरा-वीस वर्षांची. गाडी बाहेरून साधी, शेजारच्या दारात उभी असते तशी. 1940 ची फोर्ड त्यांची लाडकी. पण बॉनेटखाली इंजिन चढवलेलं. आणि खरी कारागिरी मागच्या चाकांवर. दारू भरली की गाडीची मागची बाजू बसते आणि पोलिसाला लांबूनच कळतं. म्हणून मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, कडक करायचे, इतके की पूर्ण भरलेली गाडीसुद्धा रिकामीसारखी ताठ दिसावी.

(दृश्य : गॅरेज. पाट्यांचा थर जवळून, त्यावर गंज, ग्रीसची बोटं.)

हे पाटे नीट बघून ठेवा, पुढे त्यांच्यावरूनच एक निकाल फिरला.

आठवडाभर ही पोरं दिवे बंद करून डोंगरातले रस्ते तुडवायची आणि रविवारी एखाद्याच्या शेतात गोल धावपट्टी आखून आपसात पैज लावायची. कुणाची गाडी पळते? या एका प्रश्नातून हा खेळ जन्मला. कारखान्यातून निघते तशी गाडी, म्हणजे स्टॉक कार. नावातच अट आहे.

डिसेंबर 1947 मध्ये डेटोना बीचवरच्या एका हॉटेलात बिल फ्रान्स यांनी आयोजकांना आणि चालकांना एकत्र बसवलं आणि फेब्रुवारी 1948 मध्ये नॅसकार ही स्टॉक कार शर्यती भरवणारी संस्था उभी राहिली. 19 जून 1949 ला शार्लटमध्ये पहिली 'स्ट्रिक्टली स्टॉक' शर्यत झाली. ग्लेन डनवे पहिला आला. तपासणीत त्याच्या गाडीचे पाटे धरले गेले. ती दारू पोचवायची गाडी होती. डनवे बाद, जिम रोपर विजेता. गाडीचा मालक कोर्टात गेला आणि हरला.

त्या पहिल्या हंगामात आठच शर्यती होत्या. आठवी, शेवटची, इथे झाली. याच उतारावर, 16 ऑक्टोबर 1949 ला. जिंकला बॉब फ्लॉक, फाँटीचा भाऊ.

म्हणून मी म्हणतो की हा ट्रॅक नॅसकारच्या बरोबरीचा आहे, तिच्या पदरी पडलेला नाही. संस्था स्थापन व्हायच्या आधी इथे गाड्या धावत होत्या.

(दृश्य : हायवेवरची पाटी. ज्युनिअर जॉन्सन यांचं नाव.)

या काउंटीचा हा लेक. जन्म 1931, रोंडा गावाजवळ. वडील भट्टीवाले, पोरगा माल पोचवणारा. सोळा वर्षांचा असताना शेतात अनवाणी नांगर धरून उभा होता, तेव्हा थोरला भाऊ बोलवायला आला, ट्रॅकवर माझी गाडी चालवतोस का म्हणून. ही गोष्ट ते स्वतः सांगायचे. रस्त्यावर त्यांना पोलिसांनी कधी पकडलं नाही. 1956 मध्ये धरले गेले ते वडिलांच्या भट्टीवर, आणि ओहायोच्या तुरुंगात अकरा महिने काढले. बाहेर आले आणि पुन्हा शर्यतीला लागले. चालक म्हणून 50 विजय, नंतर संघमालक म्हणून सहा अजिंक्यपदं. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यांना माफी दिली.

(दृश्य : संध्याकाळ. गॅलरी भरलेली. गाड्या रांगेत.)

18 मे 2025. पहिल्या शर्यतीला बरोबर 78 वर्षं झाली. आज इथे ऑल-स्टार शर्यत आहे. 250 फेऱ्या. वर्षाच्या अजिंक्यपदाचे गुण कुणालाच नाहीत, जिंकणाऱ्याला दहा लाख डॉलर.

हिरवा झेंडा.

(आवाज तसाच सोडा. वीस सेकंद निवेदन नाही.)

बाटली गडगडली होती त्याच उतारावरून हा घोळका खाली येतोय. फेरीला अठरा-एकोणीस सेकंद. वळणात शिरताना गाडीचं वजन पुढे आणि उजवीकडे कलतं, कारण ओव्हलवर फक्त डावीकडेच वळायचं असतं. बराचसा भार उजव्या बाजूचे टायर घेतात, त्यातही पुढचा. वळणातून सुटलं की समोर चढ. पायाखाली गॅस दाबलेला, मागची चाकं पकड शोधतायत. ज्याने वळणात टायर राखून वापरला त्याला हा चढ साथ देतो. ज्याने ओरबाडला तो इथेच मागे पडतो.

आमच्या आंबेगाव-खेडकडच्या बैलगाडा घाटात म्हातारी माणसं बारी सुटायच्या आधी बैलाकडे बघत नाहीत, चढाकडे बघतात. इथे माझ्या शेजारी बसलेले आजोबा तेच करत होते. पूर्ण शर्यतभर त्यांची नजर मागच्या सरळीवर.

(दृश्य : डांबराचा तुकडा तळहातावर.)

आता हे डांबर. ट्रॅकवर पहिल्यांदा डांबर पडलं 1957 मध्ये. हा तुकडा त्यानंतरच्या थराचा, 1981 चा. जवळून बघा. वरचं काळं उडून गेलंय, खडी उघडी पडलीय, बोट फिरवलं की कानशीसारखं लागतं. असा रस्ता टायर खातो. नवा टायर चढवल्यावर दहा-पंधरा फेऱ्या गाडी उडते, मग हळूहळू घसरायला लागते. तिथे चालक कळतो.

2023 मध्ये मोठी शर्यत इथे परतली ती याच बेचाळीस वर्षांच्या डांबरावर. काइल लार्सन जिंकला. त्यानंतर डांबर उखडायला लागलं आणि नवं घालावं लागलं. 2024 मध्ये गुळगुळीत रस्त्यावर जोई लोगानोने 200 पैकी 199 फेऱ्या पुढे राहून काढल्या. मला स्वतःला जुना थर जाण्याचं फार वाईट वाटलं. पण डांबराचंही आयुष्य असतं. चढ मात्र कुणी कापला नाही, हे त्यांचे उपकार.

(दृश्य : 1996 चं चित्रण. झेंडा. माणसं उठून जातायत.)

29 सप्टेंबर 1996. ट्रॅक बंद पडण्याआधीची शेवटची मोठी शर्यत. जेफ गॉर्डन पहिला, डेल अर्नहार्ट दुसरा.

त्याच्या आदल्या वर्षी, मे 1995 मध्ये इनॉक स्टेली वारले. वर्षभरात ट्रॅक दोन मालकांत अर्धा अर्धा विकला गेला. एक ब्रूटन स्मिथ, दुसरे बॉब बार. दोघांनाही हा ट्रॅक नको होता, त्यांना हव्या होत्या त्याच्या वाट्याच्या नॅसकार शर्यतींच्या वर्षाच्या दोन तारखा. एक तारीख टेक्ससला गेली, दुसरी न्यू हॅम्पशरला. इथे राहिला तो फक्त चढ.

(दृश्य : गवत. तुटक्या खुर्च्या. फिकट झालेली लाल-पांढरी पाटी. निवेदन नाही.)

2010-11 मध्ये थोडा काळ दारं उघडली, पुन्हा मिटली.

मग डिसेंबर 2019. डेल अर्नहार्ट यांचा मुलगा, डेल ज्युनिअर, काही स्वयंसेवक घेऊन इथे आला. हातात गवत कापायची यंत्रं, खोरी, करवती. डांबराच्या भेगांतून झुडपं वर आली होती. ती एकेक उपटली. हेतू एवढाच की हा ट्रॅक लेझरने मोजून संगणकावरच्या शर्यतीच्या खेळात कायमचा उतरवून ठेवायचा. खरा वाचेल अशी आशा कुणीच धरली नव्हती. खड्डा न् खड्डा, उंचवटा न् उंचवटा मोजला गेला. त्याच महिन्यात, 20 तारखेला, ज्युनिअर जॉन्सन गेले.

काही महिन्यांत करोना आला. खऱ्या शर्यती थांबल्या आणि चालक घरी बसून संगणकावर धावू लागले. मे 2020 मध्ये त्यांनी या ट्रॅकवर शर्यत लावली. लाखो लोकांनी घरबसल्या हा उतार पुन्हा पाहिला. 2021 मध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात करोना मदतनिधीतून 1 कोटी 80 लाख डॉलर या ट्रॅकसाठी आले. त्यावर दोन्ही बाजूंनी बोललं गेलं. इतकी वर्षं बंद असलेल्या जागी पाणी, वीज, सांडपाणी सगळंच नव्याने हवं होतं.

पुढाकार घेतला मार्कस स्मिथ यांनी. ब्रूटन स्मिथ यांचे चिरंजीव. वडिलांनी ज्या ट्रॅकची तारीख नेली, तो मुलाने उघडला. ब्रूटन स्मिथ जून 2022 मध्ये वारले. ऑगस्टमध्ये इथे इंजिनं सुरू झाली.

(दृश्य : 31 ऑगस्ट 2022 ची रात्र. हजारो मोबाइलचे दिवे.)

ही लेट मॉडेल गाड्यांची, म्हणजे स्थानिक पातळीवरची शर्यत. नेहमी अशा शर्यतीला गावचीच माणसं येतात. त्या रात्री उभं राहायला जागा नव्हती. कार्सन क्वॅपिल जिंकला. ज्याने झुडपं उपटली तो डेल ज्युनिअर तिसरा आला.

रंग देताना त्यांनी एक गोष्ट जपली. ती फिकट पाटी पुसली नाही. विजेत्याची गाडी इमारतीच्या गच्चीवर उचलून नेणारी जुनी लिफ्टही ठेवली.

(दृश्य : गॅलरीखालचं भगदाड. टॉर्चचा झोत.)

आणि हे जानेवारी 2024 मधलं. गॅलरीच्या पायऱ्यांना तडा दिसला म्हणून काँक्रीट उचललं, तर खाली सुमारे 700 चौरस फुटांची पोकळी. आत एक भिंत. भट्टी सापडली नाही, पण चोरून भट्टी लावायला याहून चांगली जागा नाही, असं ट्रॅकचेच लोक म्हणाले. विल्क्स काउंटीत ते ऐकून कुणाच्या भुवया उंचावल्या नाहीत.

गावाला या सगळ्याचा किती फायदा झाला, तो स्वतंत्र विषय आहे. आम्हाला शर्यतीच्या रात्री गावात खोली मिळाली नाही, मुक्काम चाळीस मैलांवर करावा लागला.

(दृश्य : पुन्हा 18 मे 2025. शेवटच्या फेऱ्या.)

दहाच्या आत फेऱ्या राहिल्यात. पुढे लोगानो, मागे ख्रिस्तोफर बेल. वळणात बेल खालून आत शिरतो. दोन गाड्या शेजारी शेजारी. आता चढ येईल.

शेजारचे आजोबा उभे राहिलेत.

(चढ. दोन्ही गाड्या. आवाज पूर्ण.)

बेल पुढे.

(दृश्य : दुसऱ्या दिवशीची सकाळ. झाडूवाली गाडी. डांबरावर रबराचे काळे गोळे.)

सरळीवर टायरचे तुकडे पडलेत, मऊ. उताराने ते आपसूक पहिल्या वळणाकडे जमा झालेत. यानंतरची इथली मोठी शर्यत 2026 च्या वेळापत्रकात 19 जुलैला ठेवली गेली. ती गुणांची. 29 सप्टेंबर 1996 नंतरची पहिली.